पेपरातलं मटण

रंजनावहिनी, तुमच्या हातच्या रश्श्याची चव बदलली हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं ते दोन हजार सालच्या दिवाळीनंतर. पुढची आठ वर्षं मी त्याचं कारण शोधत होतो. ते गेल्या रविवारी सापडलं. तुम्हाला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

तुमचं वय, आजार, मागे कोण कोण आहे, हा मजकूर दादानं फोनवर सांगितला आणि मीच तो चार ओळींत बसवून आमच्या पेपरात दिला. फोटोसकट आला. त्यात एकही चूक नव्हती. अशा चार ओळी लिहिण्यात माझी निम्मी नोकरी गेली, म्हणून त्या इथे पुन्हा लिहीत नाही. इथे फक्त मटणाबद्दल लिहायचं आहे. तुमच्या-माझ्यात जे बोलणं राहून गेलं ते त्याच्याबद्दलचं होतं, आणि ते राहून गेलंय हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

माझ्या थोरल्या भावाशी, दादाशी लग्न होऊन तुम्ही आळ्याहून आमच्या महाळुंगे पडवळला आलात, तेव्हा मी मंचरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो. वर्षभरात मला पुण्याच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाची नोकरी लागली. म्हणजे तुम्ही घरात आलात आणि मी घरातून गेलो ते साधारण एकाच सुमाराला. तुमची-माझी ओळख ही महिन्या-दीड महिन्यानं येणाऱ्या एका रविवारची ओळख आहे. मी एसटीतून उतरलो की त्या दिवशी मटण, हे ठरलेलं असायचं. कोणी ठरवलं होतं, हे मी कधी पाहिलं नाही.

आपल्याकडे मटणाचं भगुलं घरात यायचं नाही. ते पडवीतल्या खुंटीला, बाहेरच्या बाहेर. चूल पडवीतच, तीन दगडांची. वाटणाचा पाटाही वेगळा. हे आईचे नियम. तिचे गुडघे दुखायला लागल्यावर तिनं चूल तुमच्या हाती दिली, नियम मात्र स्वतःकडे ठेवले. ती ओट्यावर पाय लांब करून बसायची आणि तिथून एकेक सांगायची. कांदा आधी भाज. खोबरं जाळू नको. तेल तीन पळ्या. मसाला परतून झाला की मग त्यात शिजलेलं मटण टाक. तुम्ही पडवीत पाठमोऱ्या, डोक्यावर पदर, आणि प्रत्येक वाक्याला तुमचं एकच उत्तर, "व्हय आत्या."

हे "व्हय आत्या" मी जवळजवळ दहा वर्षं ऐकलं आणि आई सांगते तसंच तुम्ही करता असा त्याचा अर्थ घेतला.

त्या दहा वर्षांतला रस्सा मला आठवतो तो असा. रंग तांबडा कमी, काळपट जास्त. तर्री पातळ, पण भगुल्यावरचं झाकण काढलं की पहिला वास तिचाच. रस्सा पातळ असायचा. बाजरीची भाकरी कुस्करली तरी ताटात पसरायचा. आणि इतका पातळ असूनही जिभेवर जड लागायचा. पातळ पदार्थ जड कसा लागतो, हा प्रश्न मला तेव्हाही पडायचा. उत्तर शोधावं असं वाटलं नाही, कारण ताट समोर होतं.

मसाला पडायच्या आधी, हळद-मिठात शिजलेल्या मटणाचं पाणी तुम्ही बाजूला काढायचात. ती अळणी. खरं तर ती लेकरांची. स्वाती व्हायच्या आधी घरात लेकरू नव्हतं, म्हणून पितळी पेला माझ्या हातात यायचा. मी मुद्रितशोधक आहे म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो, हे तुम्हाला दादानं सांगितलं होतं. पेला देताना तुम्ही म्हणायचात, "घ्या भाऊजी, बगा काय चूक सापडती का." मी एक घोट घेऊन म्हणायचो, मीठ एका कान्यानं कमी आहे. तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. आळ्यातल्या एकाही मैत्रिणीला असा मीठ कान्यानं मोजणारा दीर नाही, असं तुम्ही माहेरी सांगत होतात म्हणे.

एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती. आईच्या अळणीवर चरबीचे डोळे तरंगायचे. जरा गार झाली की ओठांना चिकटायची. तुमची अळणी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी नितळ असायची, तिच्यावर एक डोळा नसायचा. पाहिलं आणि प्यालो.

आणखी एक नोंद इथेच करतो. पंच्याण्णव साली मला कावीळ झाली आणि मी तीन महिने घरी येऊन पडलो. त्या तीन महिन्यांत पडवीतलं भगुलं खुंटीवरून एकदाही उतरलं नाही. दादा कुरकुरला, की आजारी एक जण आणि पथ्य सगळ्या घराला. तुम्ही त्याला म्हणालात की भाऊजींच्या नाकापातुर वास गेला तर त्यांचा जीव नुसता तळमळंल. हे मी खाटेवर पडून ऐकलं. त्याबद्दल कधी काही बोललो नाही. आभार मानायची आपल्याकडे पद्धत नाही, हे खरं आहे, पण ती मोडता आली असती.

नव्व्याण्णव साली मी उपसंपादक झालो आणि पुढच्या वर्षी रविवारच्या पुरवणीचं काम माझ्याकडे आलं. पुरवणीत गावोगावच्या जेवणावर पान काढायचं ठरलं. प्रत्येकानं आपापल्या गावचा एक पदार्थ, कृतीसह आणावा. मी वही घेऊन आलो आणि ओट्यावर आईशेजारी बसलो. तुम्ही आमच्यापासून सात-आठ पावलांवर, चुलीपाशी होतात आणि त्याच वेळी तेच मटण करत होतात.

मी आईला विचारलं, खोबरं किती. तिनं ओंजळ दाखवली. मी म्हणालो, ओंजळ छापता येत नाही, माप सांग. तिनं जरा विचार केला. "मग दोन वाट्या ल्ही." कसल्या वाट्या, मी विचारलं. "घरातल्या." मी दोन वाट्या लिहिलं. तेल तीन पळ्या लिहिलं. मसाला तेलात परतून त्यात शिजलेले मटण घालावे, असं लिहिलं. पडवीतून काहीतरी चर्र झाल्याचा आवाज आला आणि वास ओट्यापर्यंत आला. मी मान वर केली नाही. आई पुढचं सांगत होती.

छायाचित्रकार दुसऱ्या दिवशी आला. आईला चुलीपुढे बसवायचं ठरलं. तुम्ही तिला पाट दिला, हातात पळी दिली आणि बाजूला झालात. फोटो कापताना कडेचा सगळा भाग गेला नाही. छापलेल्या फोटोत उजवीकडे एक कोपर आणि हिरव्या बांगड्या दिसतात. बाकी चौकटीत आई आहे. मथळा मी दिला, 'आईच्या हातचं मटण'. त्यात खोटं आहे असं मला वाटलं नाही. शिकवलं आईनं, करता तुम्ही, म्हणजे कृती आईची. हा माझा तर्क होता, आणि तर्क असल्यामुळे तो तपासायला हवा होता.

कात्रण आईनं मंचरहून काचेत बसवून आणवलं आणि घड्याळाशेजारी लावलं. तुमचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण पेपर तुम्ही जाहिरातींसकट वाचायचात. हात पुसत तुम्ही भिंतीपाशी उभ्या राहिलात आणि वरपासून खालपर्यंत, माझ्या नावासह, सगळं वाचलंत. मग जेवण वाढायला आलात आणि मला म्हणालात, "भाऊजी, पेपरात नाव यायला काय करावं लागतं?"

मी म्हणालो, "एक तर मंत्री व्हावं लागतं, नाहीतर मरावं लागतं."

आई हसली, दादा हसला. तुम्हीही हसलात आणि म्हणालात, "मग ऱ्हाऊ द्या," आणि भाकरी आणायला गेलात. आमच्या कचेरीत हा विनोद शिळा झालेला आहे, तो मी घरी घेऊन आलो. दीड महिन्यापूर्वी त्या चार ओळी छापायला पाठवल्या, तेव्हा वरती तुमचं नाव होतं. तुमचं नाव पेपरात येण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या रात्रपाळीला मी इतर कोणतंही पान पाहिलं नाही.

पुरवणी निघाली आणि मग दिवाळी झाली. दिवाळीनंतर मी आलो, तुम्ही वाढलंत, मी पहिला घास घेतला आणि थांबलो. रस्सा दाट होता, भाकरीत बसत होता. चव गोडसर होती. वरती तेलाचा थर होता, तर्री म्हणावी असं काही नव्हतं. वाईट होतं असं नाही. गावोगावी लग्नात मिळतं तसं होतं. तुमचं नव्हतं.

पुढच्या खेपेलाही तेच, त्याच्या पुढच्याही. मग मी पुण्यात जाऊन वहीच्या मागच्या पानावर शक्यता लिहून काढल्या. ते पान माझ्याकडे अजून आहे.

पहिली शक्यता बोकडाची. पूर्वी आपल्याकडे वाट्याचं मटण असायचं. सात-आठ घरं मिळून एक बोकड घ्यायची, गोणपाटावर मटणाचे सारखे ढीग लावायचे, आणि एक जण सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, हा कुणाचा, आणि पाठमोरा माणूस नाव घ्यायचा. कुणाला मांडी गेली, कुणाला नुसती हाडं, यावर कुणी भांडायचं नाही. तो बोकड रानात चरलेला असायचा. पुढे वाटे बंद झाले आणि दादा मंचरच्या दुकानातून मटण आणायला लागला. कारण मला पटलं. पण दादाला विचारल्यावर कळलं की वाटे बंद होऊन तेव्हाच दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत चव बदललेली नव्हती. मी शक्यतेवर काट मारली.

दुसरी मसाल्याची. आपला काळा मसाला नारायणगावला कांडून आणला जायचा. मी एकदा वाट वाकडी करून त्या कांडपवाल्याकडे गेलो आणि मशीन बदललं का असं विचारलं. त्यानं मला नीट न्याहाळून घेतलं. "पावणं, मशीन हाय तेच हाय. मिरची बदलली आसंल. नायतर मग तुमची जीभ बदलली आसंल." मिरची दादा दरवर्षी एकाच माणसाकडून घेतो, असं कळलं. काट.

तिसरी गॅसची. सिलिंडर घरात आला होता, पण मटण पडवीतच होत होतं, चुलीवर. काट.

उरली कांडपवाल्यानं सांगितलेली शक्यता. माझी जीभ. पुण्यात खाणावळीत आणि हॉटेलात जेवून ती बिघडली असणं शक्य होतं. ते तपासायला मी माझ्या बायकोला, नीताला, त्या पानाची माझ्याकडची प्रत दिली आणि त्यात छापलंय तसंच कर, कमी-जास्त करू नकोस, असं सांगितलं. तिनं दोन वाट्या खोबरं घेतलं, तीन पळ्या तेल घेतलं. जेवायला बसलो. चव तंतोतंत तुमच्या नव्या मटणासारखी होती. दाट, गोडसर.

यावरून मी काय निष्कर्ष काढला ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. मी निष्कर्ष काढला की कृती अचूक छापली गेली आहे. पुरावा हातात घेऊन मी तो उलटा वाचला. त्याच सुमाराला एका वाचक बाईंचं पत्र आलं होतं, की खोबरं फार होतं, माप तपासावं. त्यांना मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं होतं, की ही घरगुती पद्धत आहे.

वहीच्या त्याच पानावर शेवटी एक ओळ आहे. 'अळणीवर आता तवंग असतो. पूर्वी नसे.' तिच्यापुढे काही लिहिलेलं नाही.

या सगळ्या काळात मी आईला विचारलं, दादाला विचारलं, कांडपवाल्याला विचारलं. तुम्हाला विचारलं नाही. वाढणाऱ्या बाईला तुमच्या हाताची चव गेली असं म्हणायचं नसतं, एवढी रीत मला होती. ती रीत आहे असं मी आठ वर्षं समजत होतो. आणि तुम्ही तर दर खेपेला विचारायचात. दुसऱ्यांदा रस्सा वाढताना पळी ताटावर धरून तुम्ही म्हणायचात, "झालंय ना बराबर?" मी म्हणायचो, फर्स्ट क्लास. तुम्ही पळी लगेच रिकामी करत नव्हतात. माझ्याकडे जरा पाहायचात, मग वाढायचात. मला वाटायचं, अजून वाढू का असं विचारताय.

आई दोन हजार सहामध्ये गेली. ती असेपर्यंत कात्रणाबद्दल कोणी काही बोलणं शक्य नव्हतं, तिचा फार जीव होता त्याच्यावर. पण तिच्यानंतरची दोन वर्षं शिल्लक होती. त्या दोन वर्षांत मी पंधरा-सोळा वेळा तरी आलो असेन. काचेवरची धूळ पुसलेली असायची. ती कोण पुसत होतं, हे मला माहीत होतं.

आता गेल्या रविवारचं.

सुतक फिटलं तरी घरात मटण झालं नव्हतं. दादाचा फोन आला, की ये, कधीतरी सुरुवात केली पायजे. मी दहाच्या सुमाराला पोचलो. दादा ओट्यावर लसूण सोलत बसला होता. तुमची स्वाती आता बारावीला आहे, तुमच्याच उंचीची झाली आहे. तिनं खुंटीवरचं भगुलं काढलं, घासलं, पदराच्या जागी ओढणी कमरेला खोचली आणि अगदी सहज मला विचारलं, "काका, पेपरातलं करू का आपलं?"

मी म्हणालो, पेपरातलं म्हणजे काय.

"तुम्ही आल्यावर आई करायची ते. दोन वाट्या खोबरं, तीन पळ्या तेल."

"आणि आपलं?"

"ते तुम्ही नसल्यावर." मग तिला काहीतरी जाणवलं असावं. ती म्हणाली, "तुम्हाला पेपरातलं आवडतं ना?"

दादानं लसणावरून मान वर केली नाही. "आवडतं कशाचं. हा यायचा म्हनलं की आमची तोंडं वाकडी व्हायची. त्या दिवशी सगळ्यांनी गोडं मटान खायाचं. आठ वर्सं खाल्लं, राव."

मी विचारलं, मला कोणी सांगितलं का नाही. दादा म्हणाला, त्यानं तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं की एकदा भाऊला सांगून टाक.

"मग काय म्हणाल्या?"

"म्हनली, भाऊजींचं कामच इचारायचं हाय. इचारलं तर सांगीन." त्यानं एक पाकळी सोलून ताटलीत टाकली. "तू इचारलंच न्हाई."

मी उठून पडवीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. समोर तुम्ही लावलेला कढीपत्ता होता.

वहिनी, तुम्ही असं का केलंत, हे मला अजून कळलेलं नाही. स्वातीच्या मते मला तेच आवडतं अशी तुमची समजूत होती आणि तुम्ही हौसेनं करत होतात. दादाच्या मते तुमचा रुसवा होता, आणि आळ्याच्या बायकांचा रुसवा असाच असतो, बोलून दाखवत नाहीत, वाढून दाखवतात. एका घटनेची दोन कारणं दोन साक्षीदार सांगत असतील तर बातमीत दोन्ही द्यावीत, असं मी नव्या मुलांना सांगतो. माझ्या मनात तिसरंही एक येतं. तुमच्या दिरानं जे छापलं ते निदान त्याच्या समोर, त्याच्याच घरात, खोटं ठरू नये, असं तुम्हाला वाटलं असेल. हे तिसरं कारण मला सोयीचं आहे, म्हणून त्याला पुरावा नाही हेही सांगून ठेवतो.

तुमच्याशी भांडावंसंही वाटतं. आठ वर्षं हा काही थोडा काळ नाही. एखाद्या दिवशी तुम्ही पळी बाजूला ठेवून सरळ म्हणाला असतात, की भाऊजी, ही कृती आत्यांची न्हाई, माझी हाय, तर काय बिघडलं असतं? यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला साधारण ऐकू येतं. मी दर वेळी इचारत व्हते, झालंय ना बराबर, तवा तुमी खरं बोलला असता तर काय बिघडलं असतं. हे भांडण तुम्हीच जिंकला असतात. ते झालं असतं तर मला हरायला आवडलं असतं.

मी स्वातीला म्हणालो, आपलं कर. आणि ओट्यावर न बसता पडवीत, चुलीपासून हातभर अंतरावर, पाटावर बसलो. वही मांडीवर घेतली आणि प्रत्येक गोष्ट विचारली. ती एकदा म्हणाली, काका, तुम्ही किती विचारता. दादा ओट्यावरून म्हणाला, आता इचारतोय.

तिनं मटण हळद-मिठात घालून भगुल्यावर खोल ताट ठेवलं आणि ताटात पाणी ओतलं. भगुल्यात लागेल तेवढं पाणी त्या ताटातलं, गरमच. कांदा अख्खा, सालासकट, निखाऱ्यात. खोबऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून थेट जाळावर. तो पेटला. मी म्हणालो, जळतंय. ती म्हणाली, जळूच द्यायचं असतं, आई पार काळं करायची. तुकडा किती मोठा, हे मी मोजलं. माझ्या दोन बोटांएवढा.

मटण शिजलं. तिनं ताट उतरवलं, पळी घेतली आणि शिजलेल्या पाण्यावर जमलेली चरबी वरच्यावर, हलक्या हातानं काढायला सुरुवात केली. सगळी काढली. ती लोखंडी तव्यात घातली, आणि वाटण तेलात परतण्याऐवजी त्या चरबीत परतलं. चर्र झालं. तेलाची बाटली तिनं पडवीत आणलीसुद्धा नव्हती. उरलेली अळणी नितळ होती, आणि ती नितळ का होती हे आता मला कळत होतं. आई मटण मसाल्यात टाकायची. तुम्ही मसाला मटणावर टाकत होतात, शेवटी. पातळ रस्सा जड का लागायचा, तेही कळलं. त्यात दाटपणाला काहीच घातलेलं नसायचं, सगळा मटणाचाच अंश होता. इतकी वर्षं तुम्ही आईच्या डोळ्यांदेखत, तिच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणत, तुमच्या माहेरचं मटण करत होतात, आणि आई ते आपलं समजून पोटभर खात होती.

मसाल्याला चरबी सुटली. स्वातीनं तवा फडक्यात धरून चुलीवरून उचलला, भगुल्यापाशी आणला, आणि तसाच हातात धरून थांबली. मसाला तव्यात हळूहळू शांत होत होता. मी विचारलं, काय झालं.

"इथं आई थांबायची."

"किती वेळ?"

"थांबायची थोडी."

"कशासाठी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तव्याकडे. "मी कधी विचारलं नाही, काका," ती म्हणाली आणि तवा भगुल्यात ओतला.

आम्ही तिघं जेवलो. चव होती, पूर्ण होती की नाही हे दादालाही ठरवता आलं नाही. त्यानं दोनदा रस्सा घेतला.

पुण्याला आल्यावर मी संपादकांना सांगितलं की पुरवणीत एक दुरुस्ती द्यायची आहे. किती जुनी, त्यांनी विचारलं. आठ वर्षं, मी म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही आणि जागा दिली. मजकूर येत्या रविवारी जाईल. छापायला देण्यापूर्वी तुम्हाला वाचून दाखवतो, काही चुकलं असेल तर ते आता सुधारता येणार नाही, तरीही.

'दुरुस्ती : 'आईच्या हातचं मटण' या मथळ्याखाली या पुरवणीत पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पाककृतीत कर्तीचे नाव, खोबऱ्याचे माप, तेल आणि कृतीचा क्रम या चारही बाबी चुकीच्या होत्या. ही पाककृती आळे येथील लेक आणि महाळुंगे पडवळ येथील सून रंजना यांची आहे. त्यांना याबाबत विचारण्यात आले नव्हते. दुरुस्त कृती सोबत देत आहोत. वाटण चरबीत परतून झाल्यावर तवा उतरवून थोडे थांबावे, मग ते मटणावर ओतावे. किती वेळ थांबावे आणि कशासाठी, हे समजू शकले नाही.'